समुद्रावर गेलात तर पाठीमागेही बघत राहा

आम्ही अमळनेरचे. समुद्र गाठायचा तर धुळे, नाशिक करत बारा-तेरा तासांचा प्रवास, आणि तोही वर्षभर पैसे बाजूला टाकल्यावर दिवाळीच्या सुट्टीत एकदा. त्यामुळे पाण्यात उतरलेल्या पोरांना बाहेर काढायला मन धजत नाही. ‘आत्ताच तर आलो, अजून दहा मिनिटं खेळू दे’ असं वाटतं. वातावरण फिरतं तेव्हा हीच दहा मिनिटं घात करतात. आमच्यावर दिवेआगरला तशी वेळ आली होती. तिथे जे शिकले ते आपल्याकडून जाणाऱ्यांसाठी लिहिते आहे.

भाऊबीज आटोपून निघालो होतो. चतुर्थीची दुपार, साडेचार वाजलेले. आम्ही सगळे समुद्राकडे तोंड करून उभे, आणि समोर आभाळ लख्ख. सासूबाईंच्या डोळ्यांवर ऊन येत होतं म्हणून त्या तेवढ्या पाण्याकडे पाठ करून वाळूत बसल्या होत्या. त्यांनीच हाक मारली, “पोरी, मांगे देख. आभाय भरी ऊनं.” डोंगराच्या बाजूने काळंभोर आभाळ चढत आलं होतं. दुपारभर समुद्रावरचा वारा त्यांचा पदर गावाकडे उडवत होता. तो पदर एकदम पडला. मिनिटभर पान हललं नाही. मग गार झोत आला आणि तोच पदर उलटा, समुद्राकडे उडायला लागला.

पहिली गोष्ट हीच लक्षात ठेवा. ऑक्टोबरमध्ये, तसंच एप्रिल-मे महिन्यांत, कोकणातला विजांचा पाऊस बऱ्याचदा दुपारनंतर सह्याद्रीकडून, म्हणजे आपल्या पाठीमागून येतो. वावधन, म्हणजे वादळी वारा, उठण्याआधीची ती शांतता आणि मागोमागचा गार झोत आपण शेतात शंभरदा पाहिलेला असतो. केळीच्या बागा आडव्या करणारा वारा असाच येतो. सुट्टीवर आलो म्हणून ही ओळख विसरायची नाही. दर पंधरा मिनिटांनी कोणीतरी डोंगराकडे बघायचं.

आणि वारा जमिनीकडून सुटला की तरंगणारी प्रत्येक वस्तू खोल पाण्याकडे जाते. पुतण्याची हवेची ट्यूब डोळ्यांदेखत पन्नास फूट आत गेली. दीर तिच्यामागे छातीभर पाण्यापर्यंत पोचले होते. ओहोटीही सुरू झालेली, म्हणजे पाणीसुद्धा आतच ओढत होतं. मी जिवाच्या आकांताने ओरडले तेव्हा ते फिरले. ट्यूब, चेंडू, चप्पल, मोबाईल, काहीही जाऊ द्या. मागे जायचं नाही. हे लहानांपेक्षा मोठ्या पुरुषांना आधी बजावून ठेवा.

भरतीचं गणित कोळी बांधवांकडे सोपं आहे. तिथीला तिनाने गुणायचं आणि चाराने भागायचं. येईल तो आकडा भरतीच्या वेळेचा. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे धरा. त्यानंतर साधारण सहा तासांनी पूर्ण ओहोटी. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, तेव्हा पाणी जास्त चढतं आणि ओढही जास्त. गावातल्या माणसाला विचारून खात्री करून घ्या, पण पाण्यात जाण्याआधी वेळ माहीत हवीच. हरिहरेश्वरची खडकांवरची प्रदक्षिणाही ओहोटी बघूनच करायची असते.

पाण्याबाहेर आल्यावर कुठे पळायचं, हे किनाऱ्यावर उतरतानाच ठरवा. आम्ही आधी सुरूच्या बनाकडे पळालो, ते चूक होतं. उंच झाडाखाली विजेचा धोका, माडाखाली नारळ आणि झावळ्या पडण्याचा. टपऱ्यांचे पत्रे वाऱ्यात उडतात. पक्की इमारत गाठा, नाहीतर काचा बंद करून गाडीत बसा. गाडी मात्र वाळूत नेलेली नसावी, ऐनवेळी चाकं रुततात. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंतचे सेकंद मोजून तिनाने भागले की वीज किती किलोमीटरवर ते कळतं. पण हे मोजणं आडोशाला पोचल्यावर करा. गडगडाट कानावर आला की पाणी सोडायचंच. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नका.

निघण्याआधी दोन दिवस हवामान खात्याचा इशारा बघा, आणि तो रायगडचा किंवा रत्नागिरीचा बघा. फोन बऱ्याचदा आपल्या गावचंच हवामान दाखवत असतो. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारंगी म्हणजे तयारीत राहा, लाल असेल तर निघूच नका. विजांसाठी ‘दामिनी’ हे ॲप आहे. बंदरावर धोक्याचा बावटा लागला असेल तर फेरीबोट बंद राहू शकते. त्या भरवशावर रस्ता आखला असेल तर दुसरा रस्ता हाताशी ठेवा. खोली ठरवतानाच विचारून घ्या की इशारा आला तर पैसे परत मिळणार का, तारीख बदलून देणार का. उत्तर व्हॉट्सॲपवर लिहून मागा. आम्ही नुसतं तोंडी बोललो होतो, पुढची एक रात्र रद्द करावी लागली आणि तिचे पैसे बुडाले.

त्या संध्याकाळी वीज गेली ती दुसऱ्या दिवशी दुपारी आली. नेटवर्क नाही, म्हणून फोनवरून पैसे देता येईनात. दोन-तीन हजार रुपये रोख, एक बॅटरी आणि घरातल्या मोठ्यांच्या बीपी-शुगरच्या गोळ्या दोन दिवस जास्तीच्या, एवढं वेगळ्या पिशवीत ठेवाच. ११२ आणि तटरक्षक दलाचा १५५४ हे नंबर कागदावर लिहून ठेवा. खाण्याची काळजी आपल्याला नसते. दशम्या, ठेचा बरोबर असतोच. मी काळा मसाला आणि जाड शेवही नेली होती. घरमालकीणबाईंनी गॅस दिला आणि मेणबत्तीच्या उजेडात शेवभाजी झाली. जेवताना त्या ३ जून २०२० बद्दल सांगत होत्या. निसर्ग चक्रीवादळ त्याच किनाऱ्यावर आलं होतं, माड-पोफळीच्या वाड्या भुईसपाट झाल्या. सासूबाई ताट बाजूला ठेवून ऐकत राहिल्या. त्यांच्या माहेरी चोपड्याकडे केळी आहे.

परतीची घाई करू नका. पावसात रात्रीचा घाट टाळा, एक दिवस उशीर झाला तरी चालेल, गावी फोन करून तसं कळवा. दुसऱ्या दिवशी ऊन पडलं तरी पाणी गढूळ असतं, तळाचे खड्डे बदललेले असतात. गावातली माणसं उतरत नाहीत तोवर आपणही उतरायचं नाही.

आता आम्ही एकाच माणसाचा शब्द शेवटचा मानतो. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, पीटीची शिट्टी माझ्याकडे असते. शिट्टी वाजली की कोणीही काहीही न विचारता बाहेर. त्या पहाटे आम्ही हे ठरवलं, आणि ऊन निघाल्यावर पोरं कोरड्या वाळूत किल्ला करायला गेली तेव्हा सासूबाई समुद्राकडे पाठ करून बसल्या, गळ्यात ती शिट्टी अडकवून.