‘पॅट गॅरेट अँड बिली द किड’ पाहताना नजर शेरीफवर ठेवा

पहिल्यांदा मी हा चित्रपट फरार गुन्हेगार बिलीचा समजून पाहिला आणि मध्यावरच कंटाळले. बिली पळतोय, हसतोय, देखणा दिसतोय. पण गोष्ट काही पुढे सरकेना. दुसऱ्या खेपेला फक्त त्याच्या मागावर असलेल्या शेरीफ (काउंटीचा पोलीस प्रमुख) गॅरेटकडे बघत बसले आणि दिग्दर्शक सॅम पेकिनपाचा हा १९७३चा चित्रपट मला कळू लागला. म्हणून सांगते, बसाल तेव्हा गॅरेट झालेल्या जेम्स कोबर्नचा चेहरा सोडू नका.

आधी आवृत्ती नीट निवडा. स्टुडिओने प्रदर्शित केली ती १०६ मिनिटांची, दिग्दर्शकाच्या मनाविरुद्ध कापलेली. मी आधी तीच पाहिली होती. १९८८मध्ये बाहेर आलेली, सुमारे १२२ मिनिटांची लांब आवृत्ती मिळाली तर तीच लावा. तिची सुरुवात १९०९मध्ये होते, म्हाताऱ्या गॅरेटच्या खुनाने. कापलेल्या आवृत्तीत हा प्रसंगच नाही, आणि तो नसला की उरतो नुसता पाठलाग.

इतिहास थोडकाच लागतो. १८७८मध्ये न्यू मेक्सिकोतल्या लिंकन काउंटीत व्यापारी आणि गुरांचे मालक यांच्या गटांत रक्तपात झाला. बिली त्यात लढला. पुढे गॅरेट शेरीफ झाला आणि १४ जुलै १८८१च्या रात्री फोर्ट समनरला त्याने बिलीला गोळी घातली. चित्रपटात दोघे जुने सोबती आहेत. बड्या जमीनदारांना शांतता हवी आहे, ती त्यांनी गॅरेटकडून विकत घेतली आहे, आणि हे त्यालाही पक्कं ठाऊक आहे. खरा गॅरेट मारला गेला तो १९०८मध्ये. चित्रपटाने एक वर्ष पुढे ढकललंय, त्यावर अडून बसू नका.

आता शेरीफ बेकरचा प्रसंग. इथे फोन दूर ठेवा, मध्येच थांबवू नका. स्लिम पिकन्सचा हा म्हातारा एक होडी बांधतोय, तिच्यात बसून हा मुलूख सोडून जायचं म्हणून. गॅरेट त्याला सोबत नेतो. चकमकीत बेकरच्या पोटात गोळी लागते. तो पोट धरून चालत नदीकडे जातो आणि काठावर बसतो. बायको (केटी हुराडो) मागोमाग येते, थोड्या अंतरावर थबकते आणि रडत त्याच्याकडे बघत राहते. दोघं एक शब्द बोलत नाहीत. बॉब डिलनने याच चित्रपटासाठी केलेल्या ‘नॉकिन ऑन हेवन्स डोअर’ या प्रसिद्ध गाण्याची धून इथे येते. मी हा प्रसंग कितीदा पाहिला असेल, पण प्रत्येक वेळी ती अर्धवट होडी आठवून माझा गळा दाटतो. ज्या कायद्यासाठी हा माणूस मरतोय, त्याचं त्याला स्वतःलाच काही पडलेलं नव्हतं.

नंतर नदीवरच्या तराफ्याचा छोटा प्रसंग येतो. तराफ्यावरचा अनोळखी माणूस आणि काठावरचा गॅरेट एकमेकांवर बंदुका रोखतात आणि काही न होता खाली घेतात. कथेला याची गरज नाही, म्हणून लोक तो विसरतात. तुम्ही विसरू नका. इथे गॅरेटला दिवसभरात पहिल्यांदा कुणाला मारावं लागत नाही.

शेवटच्या रात्री गॅरेट बाहेर झोपाळ्यावर बसून राहतो, आत बिली आपल्या मैत्रिणीजवळ आहे. घाई केली तर काम आधीच संपेल. तो करत नाही. शवपेटी बनवणारा जो माणूस त्याला वाटेत टोकतो, तो खुद्द पेकिनपा आहे. बिलीवर गोळी झाडल्यावर लगेच गॅरेट आरशातल्या स्वतःवरही गोळी झाडतो. तिथे चित्रपट संपला असं समजून उठू नका. सकाळी तो घोड्यावरून निघतो आणि एक लहान पोर मागून त्याला दगड मारतं.

मग लगेच सुरुवातीची पाच मिनिटं परत लावा. १८८१मध्ये बिलीची टोळी वाळूत गळ्यापर्यंत पुरलेल्या कोंबड्यांवर नेम धरते, आणि संकलन असं आहे की त्या गोळ्या १९०९च्या गॅरेटला लागताना दिसतात.