सुवार्ता सांगताना या चुका टाळा

खानदेशातल्या ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये सुवार्तेचा, म्हणजे येशूचा संदेश सांगण्याचा, उत्साह कमी नाही. कमी पडते ती समोरच्या माणसाच्या मोकळेपणाची जाणीव. ऐकणाऱ्याला ‘नको’ म्हणून उठून जाता येते का, हा प्रश्न आपण स्वतःला विचारत नाही, आणि बहुतेक चुका तिथूनच सुरू होतात.

पहिली चूक मी स्वतः केलेली आहे. श्रावणातल्या रविवारी शेजारच्या काकूंनी कानबाई बसवली होती आणि मला प्रेमाने घरात बोलावले होते. नथ घातलेल्या त्या नारळाच्या मुखवट्यासमोर बायका गाणी म्हणत असताना मी मूर्तिपूजा कशी व्यर्थ आहे यावर बोलू लागलो. काकूंनी हातातले आरतीचे ताट खाली ठेवले आणि एवढेच म्हणाल्या, “भाऊ, आते घर जाय.” मी ज्याला धैर्य समजत होतो, तो पाहुण्याने यजमानाचा केलेला अपमान होता. अथेन्समधल्या मूर्ती पाहून प्रेषित पौलाचाही जीव तळमळला होता. तरी लोकांसमोर उभे राहिल्यावर त्याने त्यांच्याच ‘अज्ञात देवाच्या’ वेदीपासून सुरुवात केली आणि त्यांच्याच कवींचे बोल घेतले. सातपुड्यात याहामोगी माता किंवा वाघदेव मानणाऱ्या घरात जाताना बायबलमधल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाच्या सतराव्या अध्यायातला हा भाग पुन्हा वाचून जावा.

दुसरी चूक अधिक गंभीर आहे, कारण तिच्यात जीव जाऊ शकतो. नंदुरबार जिल्ह्यातल्या भिल्ल, पावरा समाजांत सिकलसेलचे रुग्ण बरेच आहेत. या आजारात हाडे-सांधे फुटतील असे वाटणाऱ्या वेदनांचा झटका येतो आणि बहुतेक वेळा काही दिवसांनी ओसरतो. पण रक्तातला दोष तसाच राहतो. प्रार्थनेनंतर झटका ओसरला की ‘आजार गेला’ अशी साक्ष दिली जाते, टाळ्या पडतात, आणि रुग्ण फॉलिक ॲसिडच्या किंवा हायड्रॉक्सियुरियाच्या गोळ्या बंद करतो. आजाऱ्यासाठी प्रार्थना जरूर करावी, मात्र गोळी आणि तपासणी चालू ठेवा हे त्याच सभेत, त्याच आवाजात सांगावे. दवाखान्यातल्या खाटेवर पडलेल्या माणसाला उठून जाता येत नाही, हेही ध्यानात ठेवावे. त्याने बोलावल्याशिवाय त्याच्याजवळ बायबल उघडू नये.

मदतीचेही तसेच आहे. ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबाच्या मागे राहिलेल्या म्हाताऱ्यांना धान्य द्यायचे असेल तर पोत्यावर पत्रिका ठेवू नये, कारण ज्याला धान्य हवे आहे तो पत्रिकेला नाही म्हणू शकत नाही. मुलांच्या बाबतीत आईवडिलांना आधी विचारावे. प्रार्थनेत रडणाऱ्या माणसाचा व्हिडिओ व्हॉट्सॲपवर टाकू नये. गावात त्याला त्याची किंमत मोजावी लागते, आपल्याला नाही.

‘आम्हाला घटनेने हक्क दिला आहे’ हे वाक्य अनेकदा अर्धेच म्हटले जाते. कलम २५ सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता व आरोग्य यांच्या अधीन राहून धर्म मानण्याचा, आचरण्याचा आणि प्रसार करण्याचा हक्क देते. १९७७ मध्ये रेव्हरंड स्टॅनिस्लॉस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, आपल्या धर्माची शिकवण मांडणे हा प्रसार आहे. दुसऱ्याचे धर्मांतर घडवण्याचा मूलभूत हक्क त्यात येत नाही, कारण सदसद्विवेकाचे स्वातंत्र्य त्या दुसऱ्यालाही तेवढेच आहे. मला हा निकाल आपल्या शास्त्राला परका वाटत नाही. पेत्राच्या पहिल्या पत्रातल्या तिसऱ्या अध्यायात, तुमच्या आशेविषयी जो विचारील त्याला सौम्यतेने उत्तर द्या, असे आहे. तिथे विचारणे आधी येते.

चूक होऊन गेली असेल तर काय करावे? एकट्याने जावे, पाळकांना किंवा मंडळीतल्या चार जणांना सोबत नेऊ नये, हातात पुस्तक नसावे, आणि माफी मागताना ‘पण माझे म्हणणे खरे होते’ हे शेपूट जोडू नये. त्या भेटीत येशूचे नाव काढून पुन्हा सुरुवात करणे म्हणजे माफी परत घेणे होय. मी काकूंकडे आठ दिवसांनी गेलो. त्यांनी चहा केला, पावसाविषयी बोलल्या, कानबाईचा विषय काढला नाही. त्या आजही दर श्रावणात कानबाई बसवतात, आणि नाताळच्या करंज्यांचा डबा आमच्या घरून आधी त्यांच्याकडे जातो.