टर्बो बदलण्याआधी चेंबर खोला : जुन्या डिझेलवर हात बसवणाऱ्या पोरांसाठी

कोल्हापुरात कळंब्याच्या आयटीआयमधून मेकॅनिक डिझेलचा कोर्स करून बाहेर पडलेली, नाहीतर उद्यमनगरात एखाद्या मेस्त्रीच्या हाताखाली लागलेली पोरं भेटली की एक प्रश्न ठरलेला असतो. आता बीएस सिक्सचे धुराचे नियम आले, इलेक्ट्रिक आलं, मग जुनं डिझेल शिकून पोट भरणार का? भरतं. मारुतीनं एप्रिल २०२० पासून डिझेल गाड्या बंद केल्या, पण त्याआधी विकल्या गेलेल्या स्विफ्ट, डिझायर, रिट्झ आजही कागलपासून गगनबावड्यापर्यंत गावोगाव पळतात. त्यांचे मालक कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला जायचे कधीच बंद झालेत. ते तुमच्याकडेच येणार आहेत.

या गाड्यांत आहे ते फियाटचं १.३ मल्टिजेट. १२४८ सीसी, चार सिलेंडर, सोळा व्हॉल्व्ह, बोअर ६९.६ आणि स्ट्रोक ८२ मिमी. युरोपात २००३ ला आलं, आपल्याकडे स्विफ्टमध्ये २००७ ला. मारुती त्याला डीडीआयएस म्हणते, टाटानं इंडिका व्हिस्टात क्वाड्राजेट म्हटलं, फियाटच्या पुंटो-लिनियात मल्टिजेटच राहिलं. टर्बो म्हणजे धुराच्या जोरावर फिरून इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा. साध्या टर्बोचं ७५ पीएस आणि १९० न्यूटन मीटर, व्हेरिएबल टर्बोचं ९० पीएस आणि २०० न्यूटन मीटर. एका इंजिनावर हात बसला की इतक्या कंपन्यांच्या गाड्या अंगाखाली येतात, म्हणून नवीन पोरानं सुरुवात इथूनच करावी असं माझं ठाम मत आहे.

कॉमन रेल कशी चालते, ईजीआर (थोडा धूर परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह) काय करतो, ग्लो प्लग कशाला असतात हे तुम्ही शिकून आलाय, त्यात वेळ घालवत नाही. एकच सांगतो, आणि दमात घेऊन सांगतो. रेल म्हणजे इंजेक्टरांना डिझेल पुरवणारी नळी, तिच्यातलं प्रेशर हजार बारच्या वर जातं. चालू इंजिनावर डिझेलची गळती बोटानं चाचपायची नाही. ती बारीक धार कातडी फोडून आत जाते. बाहेरून टोचल्याएवढं दिसतं आणि आतनं हात सडायला लागतो. गळती बघायची तर पुठ्ठ्याचा तुकडा फिरवा. तसं काही झालंच तर दुखत नाही म्हणून घरी जाऊ नका, तडक दवाखाना गाठा आणि डॉक्टरांना डिझेलचं प्रेशर घुसलंय हे स्पष्ट सांगा.

आता ज्यासाठी लिहायला बसलोय ते. गाडी येते. तक्रार अशी की पिकअप गेलाय, शिट्टी वाजते, मागनं निळा धूर, ऑइल कमी होतंय. हवेचा पाइप काढला की आत ऑइल. स्कॅनर लावला की बूस्ट, म्हणजे टर्बोनं दिलेला हवेचा दाब, कमी असल्याचा कोड. सगळी बोटं टर्बोकडे. मग टर्बो खाली उतरतो, बाजारातनं नवीन कार्ट्रिज, म्हणजे टर्बोचा मधला शाफ्ट-बेअरिंगचा भाग, येतं, गाडी मस्त पळते, गिऱ्हाईक खूश. काही आठवड्यांनी तीच गाडी, तीच शिट्टी. पार्टवाला म्हणतो फिटिंग चुकलं, मेस्त्री म्हणतो पार्ट डुप्लिकेट, आणि मधल्या मध्ये भरडला जातो तो ज्यानं पाना फिरवला. शिकत असताना मीही यात भरडलो गेलोय. पगारातनं पैसे कापले गेले तेव्हा रात्रभर झोप लागली नव्हती. ते आठवलं की आजही पोटात कालवतं, म्हणून जरा जास्तच फोडून सांगतो.

टर्बोचा शाफ्ट मिनिटाला दोन लाखांच्या आसपास फेरे घेतो. त्याला बॉल बेअरिंग नसतं. साध्या बुशमध्ये ऑइलच्या थरावर तो तरंगत असतो. तो थर क्षणभर तुटला की धातूला धातू लागतो आणि खेळ संपतो. म्हणजे टर्बो चांगला राहणार की जाणार हे ठरतं चेंबरमधल्या, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या भांड्यातल्या, साधारण तीन लिटर ऑइलवर. गाडी दहा हजारांऐवजी वीस हजार किलोमीटर एकाच ऑइलवर पळवली, स्वस्तातलं भलत्याच ग्रेडचं ऑइल ओतलं, की ते ऑइल आत जळून घट्ट होतं. तुमचा नवा टर्बो त्याच घाणीवर बसतो. जुना ज्यानं मेला, त्यानंच नवा मरतो.

म्हणून टर्बो मागवण्याआधी चेंबर खोला. तळाशी हात फिरवा. काकवीसारखा काळा थर बोटाला लागला तर तिथंच थांबा. ऑइल पंपाला जाणाऱ्या नळीच्या तोंडाशी जी जाळी असते ती काढून उजेडात धरा. निम्मी भोकं बुजलेली दिसतील, आणि बऱ्याचदा त्यात कुणीतरी आधी लावलेल्या सिलिकॉनचे तुकडे अडकलेले असतात. चेंबर बसवताना सिलिकॉन दाबून लावायची आपल्याकडे फार खोड आहे. बाहेर जेवढा ओघळ दिसतो तेवढाच आतही उतरतो, तिथनं तुटून जाळीवर. बारीक सलग रेघ पुरते.

मग टर्बोची ऑइल फीडची नळी. ती ज्या पोकळ बोल्टनं बसते त्याचं आडवं भोक बघा. काडेपेटीची काडीही जाणार नाही असलं बारीक. त्याच्या कडेला तपकिरी पापुद्रा धरलेला असतो. ऑइल तिथं तापून तापून भाजलेलं असतं. तारेनं खरवडून, फुंकर मारून ती नळी परत बसवायची नाही. आत सुटलेला कण पहिल्या स्टार्टलाच बेअरिंगमध्ये जातो. नळी आणि बोल्ट नवे घ्या. गिऱ्हाईक कुरकुरलं तर जुनी नळी उभी चिरून आतलं दाखवा, पुढचं बोलावं लागत नाही.

परतीची नळी तर कुणी बघतच नाही. टर्बोतनं ऑइल खाली येतं ते केवळ उतारानं, मागनं कुठलं प्रेशर नसतं. नळी चेपली, गॅसकेट सरकून भोक अर्धं झाकलं, किंवा इंजिनाच्या पोटातली हवा बाहेर सोडणारा ब्रीदर तुंबून ती आतच कोंडली, की ऑइलला खाली जायला वाट मिळत नाही. मग ते शाफ्टच्या सीलमधनं हवेच्या पाइपात येतं. सील म्हणजे पिस्टनरिंगसारखी बारीक रिंग, रबर नव्हे, ती कोंडलेलं ऑइल अडवू शकत नाही. अशा वेळी टर्बो एकदम ठीक असतो आणि आपण तो भंगारात काढतो. ऑइल डिपस्टिकच्या वरच्या खुणेपेक्षा जास्त भरलं असेल तरी हाच तमाशा होतो, म्हणून आधी लेव्हल बघा. आणि इंजिन चालू ठेवून ऑइलचं झाकण काढलं की भकाभका धूर येत असेल तर पिस्टनच्या रिंगा गेल्यात, टर्बोला हात लावायच्या आधी कॉम्प्रेशन घ्या.

शाफ्ट हलवून टर्बो गेला म्हणणाऱ्यांवर लगेच विश्वास ठेवू नका. वर-खाली किंचित हलणारच, ती जागा ऑइलची आहे. पुढे-मागे हलतोय का, पात्याच्या कडा घराला घासल्यात का, ते बघायचं. आणि बूस्ट कमीचा कोड म्हणजे टर्बो गेला असं स्कॅनर कधीच म्हणत नाही. हवेच्या पाइपाची क्लिप ढिली असली, पाइप खालच्या अंगानं फाटला असला, ईजीआर उघडा अडकला असला तरी तोच कोड येतो. आधी पाइप हातानं पिळून बघा. खर्च शून्य.

याच तीन लिटर ऑइलवर टायमिंग चेनही जगते, म्हणजे व्हॉल्व्ह वेळेवर उघडायला लावणारी साखळी. बेल्ट नाही म्हणून चेन आयुष्यभर चालते असं बरेच जण सांगतात. ती ताणणारा टेन्शनर ऑइलच्या प्रेशरवर चालतो. ऑइल कमी किंवा घाण असलं की चेन सैल पडते, सकाळच्या पहिल्या स्टार्टला पुढच्या अंगानं खळखळ ऐकू येते. ती ऐकून रेडिओचा आवाज वाढवणारा मालक पुढं व्हॉल्व्ह दाबणारा रॉकर तुटल्यावर टो करून येतो. टर्बोच्या कामाला आलेल्या गाडीत खळखळ ऐकू आली तर दोन्ही कामांचं एकत्र बोला.

आपल्या भागातल्या दोन गोष्टी. ऊसतोडीच्या हंगामात गाड्या ट्रॅक्टर-ट्रॉलीच्या मागं तासन्‌तास दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये रखडतात, त्यात इनटेक, म्हणजे हवा आत जायची वाट, आणि ईजीआर काजळीनं भरतात. ईजीआर पत्रा लावून बंद करायचा सल्ला सर्रास मिळतो. मला तो मान्य नाही. धूर-तपासणीचा विषय तर आहेच, पण पत्रा लावला की काजळी मुळात इतकी का धरते हे शोधायचं राहून जातं. काढा, साफ करा, बसवा. दुसरी गोष्ट पुराची. २०१९ आणि २०२१ ला पंचगंगेचं पाणी शिरलेल्या गाड्या पुढं स्वस्तात विकल्या गेल्या आणि अजूनही फिरतात. पाण्यात उभी राहिलेली गाडी चुकूनही स्टार्टर मारून बघू नका. सिलेंडरमध्ये पाणी असेल तर पिस्टनचा कनेक्टिंग रॉड वाकतो. ग्लो प्लग काढा, हातानं क्रँक फिरवा, पाणी बाहेर येऊ द्या, ऑइल आणि डिझेल दोन्ही बदला, मग पुढचं.

शॉर्टकट शिकवणारे व्हिडिओ भरपूर आहेत. डब्यातलं फ्लश ओतून जुनं इंजिन धुणं हा त्यातला सगळ्यात घातक प्रकार, कारण वर्षानुवर्षं बसलेला थर एकदम सुटतो आणि जाळीवर जातो. त्यापेक्षा चांगलं ऑइल घालून दोन-तीन हजार किलोमीटरला लवकर बदला. मेस्त्री निवडतानाही एक बघा. मेलेला पार्ट टेबलावर ठेवून "हे का मेलं?" असं विचारणारा माणूस मिळाला तर पगार कमी असला तरी तिथं टिका. चहा आणायला लावतील, फरशी धुवायला लावतील, सुरुवातीला वाईट वाटतं, मलाही वाटायचं. पण मोठ्यानं बोलणारा आणि कारण न सांगणारा मेस्त्री असेल तर वर्ष फुकट जाईल, दुसरं गॅरेज बघा. त्यात लाज कसली?

घाबरू मात्र नका. पाचशे चुकांची यादी पाठ करायची नाहीये. ऑइल कुठनं येतं आणि कुठं जातं हे एकदा डोळ्यांनी बघितलं की अर्धं काम समजतं.

बसवताना नवा टर्बो कोरडा सुरू करायचा नाही. फीडच्या भोकात स्वच्छ ऑइल सोडा, शाफ्ट बोटानं फिरवा. इंजेक्टरची वायरची कनेक्शन काढून थोडा थोडा वेळ स्टार्टर मारा, परतीच्या तोंडातनं ऑइल आलेलं दिसलं की मगच नळी जोडा. चालू केल्यावर रेस देऊ नका, काही मिनिटं नुसती चालू राहू दे. मग गिऱ्हाइकाला शेजारी बसवून जोतिबाचा डोंगर चढवा. चढाला तिसऱ्या गिअरमध्ये ओढ कशी आहे ते त्याला स्वतःला कळू दे. वर पोचल्यावर लगेच किल्ली फिरवून बंद करायची नाही, मिनिटभर थांबायचं, हे त्याच वेळी सांगा. खाली गॅरेजला आलात की इंजिन गार होऊ द्या, डिपस्टिक बघा, हवेच्या पाइपाच्या क्लिपा पुन्हा आवळा, आणि हजार किलोमीटरनंतर परत दाखवायला आणायची तारीख बिलावर लिहून द्या.