आधी लॉक, मग सिम

डोंबिवली पूर्वेला, स्टेशनपासून चालत चार मिनिटांवर माझं मोबाइलचं दुकान आहे. टेम्पर्ड ग्लास लावणं, चार्जिंगची पिन बदलणं, फुटलेले डिस्प्ले, हे आमचं रोजचं. पण संध्याकाळच्या गाड्या रिकाम्या व्हायला लागल्या की अधूनमधून एखादं गिऱ्हाईक रिकाम्या हातानं काउंटरला येऊन उभं राहतं. चेहरा बघूनच कळतं. "दादा, फोन मारला." आणि पुढचं वाक्यही ठरलेलं: "सिम मात्र लगेच बंद करून टाकलं हां." शाबासकीच्या अपेक्षेनं सांगतात बिचारे. मी मनात कपाळाला हात लावतो.

फोनला लांबून जे हुकूम द्यायचे, लॉक हो, वाज, कुठे आहेस सांग, सगळं पुसून टाक, ते सगळे इंटरनेटवरून जातात. लोकलमध्ये मारलेल्या फोनला इंटरनेट कुठलं? त्याच सिमचं. ते तुम्ही स्वतःच्या हातानं बंद केलंत की फोन बहिरा झाला. मग तो कुठल्या वायफायला लागेपर्यंत तुमचा हुकूम गूगलच्या दारात ताटकळत बसतो. म्हणून माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला मी एकच क्रम सांगतो: आधी लॉक, मग सिम. दोन्हींत पाच मिनिटांचंच अंतर ठेवायचं, पण क्रम उलटा करायचा नाही.

हे शहाणपण मला दुकानात बसून आलेलं नाही. 2023 च्या पावसाळ्यात मनीष मार्केटला स्पेअर आणायला निघालो होतो. दादरला चढाउतरीच्या रेट्यात माझाच फोन गेला. दुकानदाराचाच! प्लॅटफॉर्मवर उतरलो, एका भल्या माणसाकडून फोन मागून घेतला, गूगलचं फोन शोधायचं पान उघडलं. ईमेल टाकला, पासवर्ड टाकला, अगदी बरोबर. आणि गूगल म्हणालं, हे तुम्हीच आहात ना? मग तुमच्या फोनवर सूचना पाठवली आहे, तिथे 'येस' दाबा. तो फोन एव्हाना चोराच्या खिशात. दुसरा पर्याय ओटीपीचा, तोही त्याच नंबरवर. दुकानातल्या कंप्युटरवर माझं खातं चालू असतं तर पोऱ्याला फोन करून काम झालं असतं, पण तो त्याच्यावर दिवसभर रील्स बघतो म्हणून मीच लॉगआउट करून ठेवलं होतं. डुप्लिकेट सिम त्याच दिवशी मिळालं. पण नव्या सिमवर एसएमएस चोवीस तास बंद असतात, हा नियमच आहे. दुसऱ्या दिवशी आत शिरलो तेव्हा नकाशा सांगत होता: शेवटचं ठिकाण दादर, काल सकाळ.

तो फोन मिळाला नाही.

तर सगळ्यात पहिली तयारी बॅकअप कोडची. गूगल खात्याच्या सुरक्षा विभागात, दोन टप्प्यांच्या पडताळणीत हे मिळतात. आठ-आठ आकडी दहा कोड, एक कोड एकदाच चालतो. ओटीपीच्या जागी हा टाकला की दार उघडतं. फोनमध्ये फोटो काढून ठेवू नका, फोनच जाणार आहे! माझे दोन कोड लोकलच्या पासाच्या प्लॅस्टिकच्या पाकिटात पासाच्या मागे आहेत, बाकीचे घरी विजेच्या बिलांच्या फाइलमध्ये. पाकीटही मारलं तर? मारू दे. पासवर्डाशिवाय नुसत्या कोडाला काही किंमत नाही. पासवर्ड मात्र शेजारी लिहून ठेवायचा नाही. हसू नका, असे लोक बघितलेत मी.

दुसरी सोय त्यानंतर आली. ऑक्टोबर 2024 पासून गूगलनं अँड्रॉइड 10 आणि त्यापुढच्या फोनांना चोरीपासून संरक्षणाची नवी बटणं द्यायला सुरुवात केली. सेटिंगमध्ये 'गूगल', त्यात 'ऑल सर्व्हिसेस', त्यात 'थेफ्ट प्रोटेक्शन'. फोनाफोनात नाव थोडं इकडेतिकडे असेल, वरच्या शोधात 'थेफ्ट' लिहिलं की सापडतं. तिथल्या तीन गोष्टी महत्त्वाच्या. कुणी हातातून फोन हिसकावून पळालं तर झटक्यावरून ओळखून स्क्रीन आपोआप लॉक होते. उघड्या फोनचं नेट कुणी तोडलं तर थोड्या वेळात स्क्रीन लॉक होते. आणि तिसरी, आपल्या कामाची, रिमोट लॉक. ती चालू करून आपला नंबर एकदा पडताळून ठेवायचा. मग वेळ आली की कुणाच्याही फोनवर अँड्रॉइड डॉट कॉम स्लॅश लॉक हे पान उघडा, आपला मोबाइल नंबर टाका, रोबोट नसल्याची ती चित्रांची परीक्षा द्या, झालं. पासवर्ड नको, ओटीपी नको. दादरला माझ्याकडे हे असतं तर मिनिटभराचं काम होतं. मात्र फोनमध्ये तुमचं सिम जिवंत हवं आणि फोन नेटवर हवा. म्हणजे पुन्हा तेच, सिम आधी बंद करायचं नाही.

लॉक झाल्यावर श्वास घ्या आणि मग गूगलचं फोन शोधायचं पान, 'फाइंड हब', उघडा. पूर्वीचं 'फाइंड माय डिव्हाइस' ते हेच, 2025 मध्ये नाव बदललं. सॅमसंगवाल्यांना 'स्मार्टथिंग्ज फाइंड' वेगळं आहे, ज्यांचं सॅमसंग खातं आहे त्यांनी तेही चालू ठेवावं.

इथे वाजवायचं बटण दिसतं आणि सगळे आधी तेच दाबतात. जरा थांबा. फोन हरवलाय की चोरलाय? वाजवलं की फोन सायलेंटवर असला तरी पाच मिनिटं पूर्ण आवाजात कोकलतो. चोराच्या खिशात कोकलला तर तो आधी फोन बंद करणार. पण हरवलेल्या फोनला याच्यासारखा उपाय नाही. मागे एक कॉलेजची मुलगी रडत आली, रिक्षात फोन राहिला म्हणून. नकाशावरचा ठिपका हलत नव्हता, स्टँडपाशीच होता. माझ्या फोनवरून तिचं खातं उघडलं, ती आणि पोऱ्या स्टँडवर गेले, मी इथून बटण दाबलं. रांगेतल्या तिसऱ्या रिक्षाच्या मागच्या सीटच्या फटीतून आवाज. रिक्षावाले काका तिच्यापेक्षा जास्त दचकले म्हणे.

फोन लॉक करताना स्क्रीनवर संदेश ठेवता येतो, सोबत फोन नंबर. या संदेशात लोक काय काय लिहितात! 'चोरा, तुला बघून घेईन' असं लिहून फोन परत येत नाही. आणि नंबर कुणाचा देतात? त्याच हरवलेल्या फोनचा. मी सांगतो ते असं: 'हा फोन हरवला आहे. सापडल्यास कृपया या नंबरवर फोन करा.' खाली तेच हिंदीतून. नंबर घरच्यांपैकी कुणाचा तरी, जो अनोळखी कॉल उचलतो त्याचा.

आता ठिपका दिसला म्हणून चार मित्र गोळा करून बाइकवर निघायचं नाही. ठिपक्याभोवतीचं वर्तुळ मोठं असतं, आणि चाळीत किंवा सात मजली बिल्डिंगमध्ये कितव्या मजल्यावर ते नकाशा सांगत नाही. तारीखवेळ दिसेल असा स्क्रीनशॉट काढा आणि पोलिसांना द्या. गाडीत किंवा स्टेशनात गेला असेल तर रेल्वे पोलिस, म्हणजे जीआरपी. चोरी एका हद्दीत, लक्षात आलं दुसऱ्या, तरी जुलै 2024 पासूनच्या नव्या कायद्यानं हद्द कुठलीही असो, गुन्हा झीरो एफआयआर म्हणून नोंदवता येतो. आणि अर्जात चोरी झाली असेल तर चोरीच लिहा, 'गहाळ' नको.

यानंतर सिम. दुसऱ्या फोनवरून कंपनीच्या कस्टमर केअरला सांगून बंद करा, बँकेला फोन करून यूपीआय आणि कार्डं थांबवायला सांगा. खात्यातून पैसे गेलेलेच दिसले तर 1930, ही सायबर फसवणुकीची हेल्पलाइन, तिथे एक मिनिटही घालवू नका. नवं सिम आलं की व्हॉट्सॲप आधी स्वतःच्या दुसऱ्या फोनवर सुरू करा. तसं केलं की जुन्या फोनमधलं बंद पडतं, नाहीतर सिम बंद असतानाही वायफायवर ते चालत राहू शकतं.

लॉकवर न थांबण्याचा अपवाद एकच. चोरानं तुमचा पिन बघितला असेल, गर्दीत खांद्यावरून बघतात, किंवा पॅटर्न काचेवरच्या बोटाच्या तेलकट रेघेवरून दिसतो, तर लांबून केलेल्या लॉकला अर्थ नाही. तो उघडणारच. तेव्हा पुसून टाकायचा हुकूम द्या आणि लगोलग सिम आणि बँक.

एरवी पुसण्याची घाई करू नका. अँड्रॉइड पुसला की नकाशावरचा ठिपका गेला, आणि बॅकअप नसेल तर मुलाच्या बारशाचे फोटोही गेले. आत मेमरी कार्ड असेल तर ते पुसलं जाईलच असं नाही. पिन सहा आकडी आणि कुणाला माहीत नसलेला असेल तर एकदोन दिवस वाट बघायला हरकत नाही. पुसल्यावरही फोन नव्यानं चालू करायला जुनं गूगल खातं मागतो, ती साखळी राहते. एक चूक मात्र शिकलेली मंडळी हमखास करतात: गूगल खात्यातल्या डिव्हाइसच्या यादीत जाऊन गेलेला फोन साइन आउट करतात. शोधायचा धागाच तोडला की! ते सगळ्यात शेवटी.

आयफोनवाल्यांचं थोडक्यात. आयक्लाउड डॉट कॉम स्लॅश फाइंड इथे पासवर्डावर आत जाता येतं, कोड आला नाही तरी चालतं. तिथे फोन हरवल्याची खूण करा. 'रिमूव्ह' म्हणजे खात्यातून काढून टाकणं, ते दाबायचं नाही, त्यानं ॲक्टिव्हेशन लॉक, म्हणजे तुमच्या खात्याशिवाय फोन चालू होऊ न देणारं कुलूप, सुटतं आणि चोराला नवाकोरा फोन मिळतो. आयओएस 17.3 पासून 'स्टोलन डिव्हाइस प्रोटेक्शन' आहे, पिन कळलेल्या चोराला खात्यात बदल करताना अडवणारं, ते आजच चालू करा. आणि काही दिवसांनी 'तुमचा आयफोन सापडला, इथे लॉगिन करा' असा एसएमएस आला तर तो ॲपलचा नाही, चोराचा आहे. माझ्या एका गिऱ्हाइकानं आनंदाच्या भरात पासकोड टाकला. फोन गेलाच होता, आता खातंही गेलं.

मग राहतं सीईआयआर, फोनांच्या ओळखक्रमांकांची सरकारी नोंद. सरकारच्या 'संचार साथी' पोर्टलवर आयएमईआय, म्हणजे फोनचा स्वतःचा ओळखक्रमांक, देऊन फोन देशातल्या सगळ्या नेटवर्कवर बंद करता येतो. आपल्याकडे महाराष्ट्रातच याची सुरुवात सप्टेंबर 2019 मध्ये झाली, 2023 मध्ये सगळ्या देशाला उघडलं. पोलिस तक्रारीची प्रत, ओळखपत्र, जमलं तर बिल, आणि ओटीपीसाठी चालू नंबर लागतो. डुप्लिकेट सिमवर एसएमएस सुरू झाले की मगच बसा. ब्लॉक झाला तरी पोलिसांना माग काढता येतो. पण त्या फोनला मोबाइल नेट मिळणार नाही, म्हणून लॉकचे हुकूम पोचायच्या आधी हे करू नका.

"आयएमईआय कुठला?" हा प्रश्न येतोच. फोन घेताना मी सांगतो, बॉक्स ठेवा. लोक बॉक्समध्ये सुईदोरे ठेवतात आणि मग फेकतात. आत्ता, हे वाचताना, *#06# दाबा. पंधरा आकडे येतील, दोन सिमचा फोन असेल तर दोन ओळी. बायकोच्या, नवऱ्याच्या फोनवर पाठवून ठेवा. फोन गेल्यावर सुचलं तर फाइंड हबमध्ये फोनच्या नावाशेजारच्या खुणेत आयएमईआय दिसतो.

अजून दोन बारीक कामं. लॉक असताना वरून पडदा ओढून विमान मोड लावता येतो का ते बघा. येत असेल तर चोरालाही येतो. सॅमसंगमध्ये आणि आयफोनमध्ये ते बंद करायची सोय सेटिंगमध्ये आहे. आणि लॉक स्क्रीनवर मेसेज पूर्ण दिसू देऊ नका, ओटीपी तिथूनच वाचतात.

हे सगळं लावलंत की एकदा खोटी चोरी करा. माझ्याकडे नवा फोन घेणाऱ्याला मी काउंटरवरच करायला लावतो: फोन इथे ठेवा, माझ्या फोनवरून लॉक करून दाखवा. दहातले सात जण पासवर्डाशीच अडकतात. दुकानात अडकलेलं परवडतं.

आणि नशीब जोरावर असलं, पोलिसांनी फोन परत दिला, तर 'संचार साथी'वर जाऊन, ब्लॉक करताना मिळालेला रिक्वेस्ट आयडी टाकून फोन अनब्लॉक करा. एक काका फोन मिळाला म्हणून पेढे घेऊन आले, आणि दोन दिवसांनी पुन्हा आले, "याच्यात कुठलंच सिम चालत नाही, डिस्प्ले बदलताना तुम्ही काही केलंत का?"