डोक्यातला दाब वाढलाय? या चुका टाळा

मोठ्या माणसाची कवटी ताणत नाही. आत मेंदू, रक्त आणि मेंदूभोवतीचं पाणी. त्यातलं काही वाढलं, किंवा गाठ, सूज, रक्तस्राव यांनी जागा अडवली, की दाब चढतो.

सकाळी डोकं ठणकतं, उलटी होते, मग जरा बरं वाटतं. घरच्यांचं निदान ठरलेलं: पित्त! पण पहाटे जास्त, खोकल्यावर, वाकल्यावर किंवा आडवं झाल्यावर वाढणारी आणि दिवसेंदिवस चढत जाणारी डोकेदुखी पित्तावर ढकलू नका.

उठता-वाकताना काही सेकंद डोळ्यांपुढे अंधार येतो, कधी एकाचे दोन दिसतात. लोक चष्म्याच्या दुकानात जाऊन नंबर तपासून घेतात. तो ठीकही निघू शकतो, कारण सुरुवातीला नजर बऱ्याचदा शाबूत असते. डोळ्यांच्या डॉक्टरांकडून थेंब टाकून पडदा तपासून घ्या. दाब चढला असेल तर डोळ्याच्या नसेवर सूज दिसू शकते. ती फार काळ राहिली तर गेलेली नजर परत येत नाही.

बाळंतिणीचं डोकं दुखलं की ‘वारं लागलं’ म्हणून कान बांधायचे आणि वर पाणीही तोडायचं, हा प्रकार मला सगळ्यात घातक वाटतो. बाळंतपणानंतर काही आठवडे रक्त गोठण्याकडे कल असतो, पाणी कमी पडलं तर आणखीच. मेंदूच्या शिरेत गुठळी झाली तर डोकेदुखीपाठोपाठ झटकेही येऊ शकतात. साध्या सीटी स्कॅनमध्ये ही गुठळी निसटू शकते. त्यासाठी शिरांचा वेगळा स्कॅन, म्हणजे व्हेनोग्राफी, लागतो.

वजन जास्त असलेल्या तरुण स्त्रियांमध्ये स्कॅनमध्ये गाठ-गुठळी काही नसतानाही दाब चढलेला सापडतो. तो मोजायला पाठीच्या कण्यातून सुई घालून हेच मेंदूभोवतीचं पाणी काढतात. हा दाब पाण्याच्या उंचीत मोजतात; मोठ्यांमध्ये 25 सेंटिमीटरच्या वर गेला तर जास्त. ‘पाठीतलं पाणी काढलं की माणूस लुळा पडतो’ या भीतीने नकार देऊ नका; फक्त स्कॅन आधी झालेला असावा.

मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइन किंवा डॉक्सीसायक्लिन चालू असेल, व्हिटॅमिन ए जास्त घेत असाल, तर तेही डॉक्टरांना सांगा; त्यांनीही दाब चढू शकतो. ‘त्या स्किनच्या गोळ्या’ म्हणून गाळू नका.

आणि डोक्याला मार लागल्यावर गुंगी येत असेल, तर ‘झोपू दे जरा’ म्हणत वाट बघू नका. न्यूरोसर्जन असलेलं रुग्णालय लगेच गाठा.