मनी पहाटे पायाला चावायची, ते असं थांबलं
आम्ही सांगलीत विश्रामबागला राहतो, आमची मनी रोज पहाटे 4 ला पांघरुणातल्या पायावर झडप घालून चावायची. चूक माझीच, पिल्लू असताना मी तिला हातानेच खेळवलं त्यामुळं हातपाय म्हणजे शिकार हेच तिच्या डोक्यात बसलं, आणि मांजरं पहाटे-संध्याकाळी जास्त ॲक्टिव्ह असतातच. मग हाताने खेळणं बंद. काठीला पोत्याची सुतळी, टोकाला कोंबडीचं पीस, रात्री 15 मिनिटं ते फरशीवरून सरपटवत पळवायचं, मध्येमध्ये तिला पकडू द्यायचं बरं का, नाहीतर चिडते, आणि लगेच खायला द्यायचं. पोट भरलं की अंग चाटून झोपते. 3 आठवड्यांत चावणं थांबलं. सुतळी मात्र खेळून झालं की कपाटात, गिळली तर आतड्यात अडकते.