जिप्सम पार्टिशन: माल किती मागवायचा, काम कसं आखायचं

पार्टिशनसाठी बहुतेक जण लांबी गुणिले उंची करून, त्यातून दरवाजा वजा करून बोर्ड मागवतात, आणि काम अर्ध्यावर असताना बोर्ड संपतात. बोर्डाची प्रत्येक उभी कड स्टडवर, म्हणजे सांगाड्यातल्या पत्र्याच्या उभ्या पट्टीवर यावी लागते, त्यामुळे उरलेला तुकडा दुसरीकडे बसेलच असं नाही. म्हणून आधी भिंत कागदावर मापात काढा, त्यावर बोर्ड आखा आणि मग मोजा.

समजा भिंत 12 फूट लांब, 9 फूट उंच आहे आणि मधोमध 3 बाय 7 चा दरवाजा आहे. बोर्ड 12.5 मिमी जाडीचे, 6 बाय 4 चे घ्या. फ्लॅटच्या जिन्यातून वळवायला हेच माप सोयीचं. दरवाजा वजा करून क्षेत्रफळाने दोन्ही बाजूंना मिळून सव्वासात बोर्ड लागतात. आखून पाहिलं तर 4 फुटांच्या तीन पट्ट्या, प्रत्येकीत दीड बोर्ड, म्हणजे एका बाजूला साडेचार आणि एकूण नऊ. दरवाजाची जागा वजा करू नका. दरवाजाच्या कोपऱ्याच्या रेषेत जोड आला की पुढे तिथूनच तडा जातो, म्हणून अखंड बोर्डातूनच खाच कापायची. तुटफुटीसाठी दहावा बोर्ड धरा.

एका पट्टीत पूर्ण बोर्ड खाली असेल तर शेजारच्या पट्टीत तो वर घ्या, म्हणजे आडवे जोड एका रेषेत येत नाहीत. दुसऱ्या बाजूची सुरुवात 2 फुटांच्या पट्टीने करा, म्हणजे दोन्ही बाजूंचे उभे जोड एकाच स्टडवर येत नाहीत. बोर्ड तितकेच लागतात.

स्टड दर 2 फुटांवर. दरवाजाच्या दोन्ही बाजूंना जोड-स्टड, म्हणजे दोन स्टड एकत्र, एकात लाकडी पट्टी भरलेली, नाहीतर चौकटीचे स्क्रू धरत नाहीत. 12 फुटी 10 स्टड पुरतात. कापून उरलेल्या 3 फुटांतून दरवाजावरचा छोटा स्टड निघतो. चॅनल (स्टड ज्यात बसतात त्या पत्र्याच्या आडव्या पट्ट्या) जमिनीला दरवाजा सोडून 9 फूट, छताला 12 फूट, दरवाजाच्या माथ्यावर वाकवण्यासकट 4 फूट आणि आडव्या जोडांमागे आधाराला 18 फूट: 12 फुटी चार नग, कापाकापीसाठी एक जास्तीचा. हे आडवे आधार अनेक कारागीर गाळतात आणि नेमका तोच जोड फुटतो. 25 मिमीचे स्क्रू 500, कागदी टेप साधारण 40 मीटर.

चॅनल दर 2 फुटांवर प्लग-स्क्रूने बसवा. लादीत भोक पाडण्याआधी खालून पाइप गेलेत का ते तपासा. स्टड छताच्या चॅनलपर्यंतच्या उंचीपेक्षा 8-10 मिमी आखूड कापा, नाहीतर स्लॅब थोडा वाकला की त्याचा भार स्टडवर येतो आणि बोर्ड फुगतो.

एका बाजूचे बोर्ड लावून थांबा. वायरिंगचे पाइप, आवाज अडवणारं रॉकवूल आणि टीव्ही किंवा कपाट टांगायच्या जागी 18 मिमी प्लायवूड आत्ताच बसवायचं. ते नेमकं कुठे आहे ते मापून फोटो काढून ठेवा. मगच दुसरी बाजू बंद करा.

बोर्ड जमिनीपासून 10 मिमी वर ठेवा. लादी पुसताना कागद पाणी ओढतो आणि खालची कड भुसभुशीत होते. फट स्कर्टिंगखाली झाकली जाते. बाथरूमला लागून असेल तर ओलावारोधक हिरवा बोर्ड घ्या. पावसाळ्यात बोर्ड उभे टेकवून ठेवले की वाकतात, म्हणून घरातच लाकडी पट्ट्यांवर आडवे रचा.

स्क्रू कडेला 8 इंचांवर, मध्ये 12 इंचांवर. डोकं कागदाच्या किंचित आत जावं, पण कागद फाटू नये. फाटला तर तो स्क्रू काही धरत नाही, दोन इंच बाजूला दुसरा मारा.

जोडात आधी कंपाउंड (जोड भरायची लांबी) भरा, त्यावर टेप दाबा, मग दोन हात, प्रत्येक आधीच्यापेक्षा रुंद. टेपखाली कंपाउंड कमी पडलं की फुगे येतात. कापलेल्या कडेला कारखान्याचा उतार नसतो, तिथे चाकूने कड तासून कंपाउंड फूटभर पसरवा. प्रत्येक हात पूर्ण वाळू द्या. साधारण एक दिवस, पावसाळ्यात दोन. ओल्या जोडावर प्रायमर मारला तर रंगानंतरही पट्टा उठून दिसतो.